उसन्या फौजेची किंमत

अरब राष्ट्रांच्या सीमातंट्यात परकीय फौजा कशा शिरतात, हे समजायला जालन्याच्या माणसाला आखातात जायची गरज नाही. याच जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या इंग्रजी सैन्याने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. या इंग्रजांना बोलाविले कोणी? होळकरांकडून हरलेल्या दुसऱ्या बाजीरावाने! ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने त्याने इंग्रजांची फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चापोटी सालिना २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. इकडे शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापतीही पोहलमान हा जर्मन. मेले ते मात्र बहुतांशी इथलेच शिपाई.

१८१८ मध्ये त्याच इंग्रजांनी पेशवाई बुडविली. तिच्याबद्दल आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण उसनी फौज धन्याचीच मालक होते, हा धडा विसरता येत नाही.

आता कुवेत पाहा. १९ जून १९६१ रोजी कुवेत स्वतंत्र झाला आणि आठवडाभरातच इराकच्या कासीम यांनी त्यावर हक्क सांगितला. १ जुलैला ब्रिटिश फौज उतरली. परंतु अरब लीगने कुवेतला सदस्यत्व दिले, सौदी अरेबिया, जॉर्डन, सुदान आदींचे सैन्य पाठविले आणि ऑक्टोबरपर्यंत ब्रिटिश परत गेले. १९६३ मध्ये इराकने कुवेतला मान्यताही दिली.

२ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनने कुवेत गिळला, तेव्हा अरब लीग दुभंगली. अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांनी १९९१ मध्ये कुवेत मुक्त केला. आक्रमण हटविणे न्याय्यच होते. पण अमेरिकी सैन्य आखातातच राहिले आणि २००३ मध्ये इराकवर चाल करून गेले ते प्रामुख्याने याच कुवेतमधून.

दुबळ्या राष्ट्राने मार खात बसावे, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या रक्षणाची जबाबदारी शेजाऱ्यांनी एकत्रितपणे उचलली, तर पाहुण्या फौजेला परत पाठविता येते. १९६१ ने ते सिद्ध केले. आपल्या संविधानाचे कलम ५१ आंतरराष्ट्रीय तंटे लवादाने सोडविण्यास उत्तेजन द्यायला सांगते. ते केवळ सदिच्छेचे कलम समजू नये. लवाद नाकारणाऱ्या राजांचा हिशेब शेवटी शिपायाच्या घरातच चुकता होतो.