कॅनमधले पेट्रोल म्हणजे बचत नव्हे

मित्रमैत्रिणींनो आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

पुष्कळ घरांत फवारणीच्या पंपासाठी आणलेले पेट्रोल कॅनमध्ये शिल्लक राहते. मोठी माणसे म्हणतात, "राहू दे, पुढच्या हंगामाला होईल." ही बचत आहे असे त्यांना वाटते. मला तसे वाटत नाही.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. मागच्या हंगामात उरलेले पेट्रोल यंदा पंपात घातले. बाबांनी दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतला, पण पंप काही सुरू होईना. शेवटी मेकॅनिककाकांनी कार्बोरेटर खोलला. आत कापसावर पडतो तसा चिकटा!

पेट्रोल दुधासारखे एका दिवसात नासत नाही, पण नासते जरूर. त्यातला लवकर पेटणारा हलका भाग हळूहळू उडून जातो. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन डिंकासारखा पदार्थ बनतो. शिवाय आता विकत मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसाच्या रसापासून, मळीपासून, मक्यापासून करतात. आपल्या शेतातला माल इंजिनात जातो ही अभिमानाचीच गोष्ट. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात. मग इंजिन चालणार कसे?

पैशापेक्षा मोठी भीती आगीची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत जाते. आमचा कॅन पडवीत होता, आणि पडवीतच आजी चुलीवर पाणी तापवते! आता आठवले तरी अंगावर काटा येतो.

इंजिनाला पेट्रोलच हवे असेही नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. आज तर बॅटरीचा पंप मिळतो. शेजारच्या काकांकडे आहे. रात्री चार्जिंगला लावला की सकाळी फवारणीला तयार. थोड्या शेताला तो पुरतो.

माझे म्हणणे एवढेच. पेट्रोल लागेल तेवढेच आणा. हंगाम संपला की टाकीतले संपेपर्यंत पंप चालवा, मगच तो ठेवून द्या. जुने पेट्रोल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका, चूल पेटवायला तर मुळीच घेऊ नका. त्याचे काय करायचे ते मेकॅनिकला विचारा.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ठेच आम्हाला लागली, शहाणे तुम्ही व्हा!

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी