घरच्या शाळेचा खर्च

विदर्भातील शाळा उन्हाच्या तडाख्यामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्या दिवसांत सकाळी सक्करदरा चौकात उभे राहिले की उमरेड रोडने निघालेल्या स्कूल बसगाड्या आणि पोरांनी खच्चून भरलेले ऑटो दृष्टीस पडतात. ह्या गर्दीत आपले मूल कशाला लोटावे, असा विचार अलीकडे काही सुशिक्षित पालकांच्या मनात येऊ लागला आहे. फी दरवर्षी वाढते, शाळा सुटल्यावर शिकवणी लावावीच लागते आणि एवढे करून मूल घोकंपट्टीच्या पलीकडे जात नाही. मग त्याला घरीच का शिकवू नये? प्रश्न गैर नाही, आणि ‘शाळेशिवाय कसे चालेल?’ एवढ्या प्रतिप्रश्नाने तो मिटणाराही नाही.

कायद्याची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले. परंतु ते न पाळणाऱ्या पालकास शिक्षा सांगितली नाही. तीव्र अथवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना तर २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा हक्कच दिला. दहावी-बारावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे आणि राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर कारकुनाच्या घरातही ठाऊक असतो. खरी अडचण हिशेबाची आहे.

घरी शिकविण्याचा निर्णय करताना बहुतेक पालक वाचणारी फी जमेच्या बाजूस मांडतात. खर्चाच्या बाजूस पुस्तके, इंटरनेट, फार तर एखादा गणिताचा शिक्षक. अर्थशास्त्रात ज्याला संधी खर्च म्हणतात, तो मात्र ह्या वहीत कोठेच दिसत नाही. दररोज चार-पाच तास मुलापाशी बसणारी व्यक्ती त्या वेळात दुसरे काय करू शकली असती, हा तो खर्च. ही व्यक्ती कोण, हे विचारण्याचीही गरज पडत नाही. ती बहुधा आई असते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजदादीत गृहिणीच्या श्रमाला स्थान नाही, ही गोष्ट बी.ए.च्या विद्यार्थ्याला पाठ असते. त्याच्या घरातही तीच मोजदाद चालते, हे मात्र त्याला कोणी शिकवीत नाही. नोकरी सोडणाऱ्या बाईचे नुकसान केवळ दरमहाच्या पगाराचे नसते. बढती, भविष्य निर्वाह निधी, पुढे पुन्हा नोकरी मिळण्याची शक्यता, हे सारे तिच्याबरोबर घरी बसते.

मुंबईच्या मालविका राज जोशी हिचे उदाहरण ह्या चर्चेत हटकून दिले जाते. सातवीनंतर तिने शाळा सोडली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके मिळविली आणि २०१६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तिला प्रवेश मिळाला. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आपल्या आय.आय.टी.ची दारे तिला बंद होती. ह्या विसंगतीवर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. पण तिच्या आईने त्यासाठी स्वयंसेवी संस्थेतील नोकरी सोडली होती, ही बाब बातमीच्या एका ओळीत आटोपली. त्या घराला ते परवडले आणि त्या आईला ते हवे होते. सक्करदऱ्यातील ज्या घराचा हप्ता दोन पगारांवर चालतो, त्याने निकालाबरोबर ती ओळही वाचावयास हवी.

इच्छा व बुद्धी असूनही वेळ अपुरा पडतो, ह्याचा दाखला नागपूरच्या शेजारी सेवाग्रामला वास्तव्य केलेल्या महात्म्याच्याच चरित्रात आहे. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी मुलांना प्रचलित शाळांत न घालता स्वतः शिकविण्याचा आग्रह धरला. आपण त्यांना पुरेसा वेळ देऊ शकलो नाही आणि मुलांची त्याबद्दल तक्रार राहिली, हे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी ‘नई तालीम’ मांडली, ती मात्र शाळांसाठी. त्यांच्याजवळही दिवसाचे तास चोवीसच होते!

घरी शिकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. परंतु ती बहुधा ज्यांना शाळा बंद होती त्यांची परंपरा आहे. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी अक्षरओळख करून दिली. त्या शिक्षणाचा उपयोग त्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालविण्यासाठी केला. घरच्या विद्येला चार भिंतींबाहेर नेण्याची ती धडपड होती. आजचा पालक उलट दिशेने निघाला आहे. अर्थात शाळेत सर्व थरांची मुले एका बाकावर बसतात, हा युक्तिवाद आता पूर्वीइतका भक्कम उरलेला नाही. फीच्या चाळणीने ती आधीच वेगळी केलेली असतात. महापालिकेच्या शाळेकडे पाठ फिरविलेल्या मध्यमवर्गाने घरशाळेवाल्यांना समाजभानाचा उपदेश करावा, हे काहीसे हास्यास्पदच होय.

मार्च २०२० नंतर शहरांतील पहिली ते चौथीच्या वर्गांची दारे सुमारे पावणेदोन वर्षे बंद राहिली, तेव्हा हा प्रयोग सक्तीने घरोघरी झाला. एका खोलीत दोन मुले आणि एक मोबाइल, असा संसार असलेल्यांना त्याची आठवण वेगळी द्यावयास नको. तो घरशाळेचा खरा नमुना नव्हता, हे खरे. तथापि मुलापाशी कोण बसले आणि स्वयंपाक कोणी केला, ह्याचे उत्तर त्या काळात पुष्कळ घरांत एकच होते.

ज्या मुलाला शाळेची धास्ती बसली आहे, ज्याला तेथे रोज अपमान गिळावा लागतो किंवा ज्याची गती वर्गाच्या कितीतरी पुढे वा मागे आहे, त्याच्यासाठी घर हा योग्य निर्णय असू शकतो. अशा घरात आई-वडिलांनी तास वाटून घ्यावेत. वडिलांच्या वाट्याला संध्याकाळचे दोन तास आणि रविवार येत नसेल, तर बेत पुन्हा तपासावा. मुदतही आधी ठरवावी. एक वर्ष पुरे. परतीची वाट चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोकळी आहे, कारण शाळेबाहेरील मुलाला वयानुरूप वर्गात दाखल करून घेण्याची तरतूद त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. आईच्या सुटलेल्या नोकरीसाठी मात्र असे कलम कोणत्याही कायद्यात नाही.