किट विकून मोकळं होऊ नका, सरांचा हात बसवा



आज माझीच एक चूक सांगतो. दुकान नवीन होतं, तेव्हा एका हायस्कूलला इलेक्ट्रॉनिक्सची दहा किट दिली. बिल वेळेवर मिळालं, मी खूश. वर्षभराने पुन्हा ऑर्डर मिळेल म्हणून गेलो, तर खोकी कपाटात, सीलसुद्धा तसंच! विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "दादा, वर्गात काही जळलं तर भरून कोण देणार? आणि आम्हाला तरी हे कुणी करून दाखवलंय?"

बरोबर होतं त्यांचं. त्या वर्षीची दहावीची मुलं किटला हात न लावताच बाहेर पडली. पैसे माझ्या गल्ल्यात आले, वर्ष त्यांचं गेलं.

आता संधी मोठी आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदानाची योजना २०१६ पासून आहे. २०२५ च्या बजेटमध्ये सरकारी शाळांत पाच वर्षांत ५० हजार लॅबची घोषणा झाली. सगळे सामान विकायला धावतील. माझं स्पष्ट मत आहे, खरी गरज शिक्षकांच्या ट्रेनिंगची आहे. आणि तेही स्लाइड दाखवून नाही! पोहायला कुणी फळ्यावर शिकतं का?

पाबळच्या विज्ञान आश्रमाने हेच ओळखलं. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला, तत्त्व एकच: काम करत शिकायचं. मुलांना हे लागू होतं, तर शिक्षकांना का नाही?

मी आता असं करतो. पहिला दिवस फक्त शिक्षकांचा. ९ व्होल्टच्या बॅटरीला एलईडी थेट जोडायला लावतो. जळतो! मग ४७० ओहमचा रेझिस्टर घालून परत जोडायचा. छान पेटतो. दोन-चार रुपयांच्या एलईडीत भीती जाते. दुसऱ्या दिवशी शिक्षक वर्ग घेतात, मी मागे उभा. अडलं तरच पुढे जातो. महिन्याभराने एक चक्कर मारतो. किटमध्ये जादा एलईडी, रेझिस्टर आधीच टाकून देतो, म्हणजे भरपाईचा प्रश्नच नको.

याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लिहा. फुकट दिलं की सगळ्यात आधी तेच कापलं जातं.

या आठवड्यात जवळच्या हायस्कूलमध्ये जा. काही विकू नका. विज्ञानाच्या सरांना एवढंच विचारा, "सर, कपाटात काय पडून आहे?" तुमचा धंदा तिथून सुरू होईल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!