थांबायची परीक्षा

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या गावाला, पुण्याला गेलो होतो. मामाकडे जुने प्लेस्टेशन आहे. ते टीव्हीला जोडून आम्ही मोटारींच्या शर्यती खेळलो. घरी बाबांच्या मोबाईलवरही मी खेळतो, पण फक्त रविवारी. त्यावरून मला जे वाटले ते लिहितो.

या खेळांचे वेगवेगळे प्रकार असतात. पहिला नुसत्या वेगाचा. उदाहरणार्थ, ॲस्फाल्ट. त्यात नायट्रो दाबला की गाडी सुसाट सुटते. आपटली तरी लगेच नवी कोरी होऊन रस्त्यावर येते. दुसरा प्रकार गमतीचा. जपानमध्ये १९९२ साली निघालेला सुपर मारिओ कार्ट हा त्यातला. त्यात केळीची साल टाकून दुसऱ्याची गाडी घसरवता येते. मागे पडलेल्याला जास्त चांगल्या वस्तू मिळतात, म्हणून लहान मुलेही जिंकू शकतात. तिसरा प्रकार खऱ्यासारखा. १९९७ सालचा ग्रॅन टुरिस्मो तसा आहे. तोही जपानचाच. त्यात मोठ्या शर्यतींच्या आधी परवान्याची परीक्षा द्यावी लागते. आणि गंमत म्हणजे, जोरात जाऊन आखलेल्या जागेत गाडी थांबवायचीही परीक्षा असते!

आमच्या वर्गातील मुले म्हणतात, पहिला प्रकारच भारी. ब्रेक लावायचा तर शर्यत कशाला? पण मला तिसरा आवडतो. त्याचे कारण सांगतो.

माझा चुलत दादा दहावीत आहे. त्याच्याकडे परवाना नाही. पावसाळ्यात तो काकांची मोटारसायकल घेऊन गेला. ओढ्याजवळच्या वळणावर त्याने वेग कमी केलाच नाही. गाडी घसरली आणि हात मोडला. दीड महिना प्लास्टर होते. आई त्याला भरवायची. तो काही लगेच नवा कोरा होऊन उभा राहिला नाही. मोबाईलमुळे तो पडला असे मी म्हणत नाही. पण थांबायचे कसे हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

म्हणून मित्रांनो, वेगाचा खेळ खेळा, पण तो खोटा आहे हे ध्यानात ठेवा. आणि पालकांना माझी नम्र विनंती आहे. गिअरच्या गाडीचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. तोवर चावी खिळ्याला टांगून ठेवू नका. आमचे काका आता ती कपाटात ठेवतात.

मामाकडच्या थांबायच्या परीक्षेत मी चार वेळा नापास झालो. गाडी रेषेच्या पुढेच जायची. पाचव्या वेळी थांबली!

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी