सही चालते आहे तोंवर

वडील सत्तरी ओलांडतात, दृष्टि मंद होते, पेढीच्या हिशेबांत चुका होऊं लागतात. तथापि मृत्युपत्राचा विषय घरांत काढणें आमच्याकडे अजून अभद्र समजलें जातें. जो मुलगा तो काढील तो बापाच्या मरणावर टपलेला ठरतो! ह्या संकोचास आम्ही पितृभक्ति म्हणतों. वास्तविक हा निव्वळ आळस होय, आणि त्याचा दंड त्या म्हाताऱ्यांनाच भरावा लागतो.

कित्येक व्यापारी गृहस्थ म्हणतील कीं, ‘आम्हीं मुखत्यारपत्र करून ठेविलें आहे, आतां काळजी कसली?’ काळजी हीच कीं, ज्या दिवशीं त्या कागदाची खरी गरज लागते त्याच दिवशीं तो निरुपयोगी होतो. १८७२ च्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमान्वयें, लिहून देणारा मरण पावला किंवा त्याचें चित्त ठिकाणावर राहिलें नाहीं, म्हणजे मुखत्याराचा अधिकार संपला. स्मृतिभ्रंशानें मुलाचें नांवहि विसरलेल्या बापाच्या खात्यांतून त्याच्याच औषधापुरते पैसे काढणें, हेंहि मग बिनअधिकाराचें कृत्य ठरतें. इंग्लंडानें २००५ च्या कायद्यानें, बुद्धि गेल्यावरहि टिकेल अशा मुखत्यारपत्राची सोय केली. आमच्याकडे उलटाच प्रकार झाला. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यांत अशा मनुष्याच्या मिळकतीवर व्यवस्थापक नेमण्याची वाट जिल्हा न्यायालयांतून होती. २०१७ च्या नव्या कायद्यानें जुना कायदा रद्द केला आणि ती वाटहि बुजविली. आतां नाशिकच्या वा अकोल्याच्या कुटुंबानें घटनेच्या २२६ व्या कलमाखालीं उच्च न्यायालयांत धांव घ्यावी, असा हा न्याय!

दुसरें टोंक याहून घातक आहे. प्रेमाच्या भरांत राहतें घर मुलाच्या नांवें बक्षीसपत्रानें करून द्यावयाचें, आणि मग त्याच घरांत पाहुण्यासारखें राहावयाचें. अशा मातापितरांसाठीं २००७ चा चरितार्थ व कल्याण कायदा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, त्याच्या २३ व्या कलमाखालीं परत मागतां येते. पण अट कोठें लिहिली होती? ती सिद्ध झाली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं बजावलें. २०२५ च्या जानेवारींत त्याच न्यायालयानें कायद्याचा उदार अर्थ करून मध्यप्रदेशांतील एका मातेचें बक्षीसपत्र रद्द ठरविलें. परंतु तेथेंहि मुलानें सांभाळाची हमी लिहून दिल्याचा कागद पुढें आला होता. तेव्हां अट दस्तांतच घालावी, आणि आमचें विचाराल तर हयातींत घर देऊंच नये. मृत्युपत्र केव्हांहि बदलतां येतें. त्यास मुद्रांक लागत नाहीं, नोंदणी ऐच्छिक आहे. शुद्धीवर असतांना केलेली सही आणि दोन साक्षीदार पुरेत. वय फार असल्यास त्याच दिवशींचा डॉक्टरचा दाखला जोडावा.

एक गोष्ट आमच्या सनातनी मित्रांस झोंबेल. ह्याच २००७ च्या कायद्यांत अपत्य म्हणून मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा उल्लेख आहे; सुनेचा नाहीं. घरांत मात्र सासूचें अंथरूण बदलण्यापासून रात्रीं औषध देण्यापर्यंत सारें तिच्याच माथीं! २००५ पासून हिंदु एकत्र कुटुंबांत मुलगीहि समान वाटेकरी झाली आहे. म्हणून पैसा कोणीं द्यावा, रात्र कोणीं जागवावी, आणि जी राबते तिला काय मिळावें, हें सर्व भावंडांनीं वडिलांसमक्ष ठरवून लिहून ठेवावें. दिवाळीस सगळे जमतातच.

कायद्यांतील उणीव मात्र कुटुंबांस भरून काढतां येणार नाहीं. मृत्युपत्रें, करार व मनोविकार हे तिन्ही विषय घटनेच्या समवर्ती सूचींत आहेत. तेव्हां टिकाऊ मुखत्यारपत्राचें विधेयक आणण्यास मुंबईच्या विधिमंडळासहि मोकळीक आहे. दिल्लीकडे बोट दाखवून त्यास स्वस्थ बसतां येणार नाहीं.