जीवनसत्त्वाची गोळी आणि दोन कायदे

रक्तात 'ड' जीवनसत्त्वाचे प्रमाण मिलिलिटरला २४ नॅनोग्रॅम असलेला माणूस निरोगी समजावा की रुग्ण? अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० साली २० नॅनोग्रॅम जवळजवळ सर्वांना पुरेसे मानले. पुढच्याच वर्षी तेथील एंडोक्राइन सोसायटीने ३०च्या खालचे प्रमाण अपुरे ठरवले. २०२४ साली याच सोसायटीने तो आकडा सोडून दिला आणि पन्नाशीच्या आतील निरोगी प्रौढांची सरसकट रक्ततपासणी करू नये, असेही सुचवले. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळांच्या अहवालांवर मात्र ३०चा आकडा अजून विराजमान आहे.

तज्ज्ञांनी मत बदलले याबद्दल माझी तक्रार नाही. सुमारे २६ हजार अमेरिकी प्रौढांवर पाच वर्षे चाललेल्या 'व्हायटल' चाचणीत रोज २,००० एकके घेऊनही अस्थिभंग कमी झाले नाहीत, हे २०२२ साली प्रसिद्ध झाले. (ही माणसे कमतरता पाहून निवडलेली नव्हती. मुडदूस झालेल्या बालकाला हे जीवनसत्त्व दिलेच पाहिजे, याविषयी वाद नाही.) असा पुरावा समोर आल्यावर मत बदलणे हा तज्ज्ञांचा धर्मच आहे.

माझी तक्रार शासनयंत्रणेविषयी आहे. हा एकच पदार्थ १९४०च्या औषध कायद्याखाली औषध ठरतो आणि २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली अन्न. औषध म्हणून ६०,००० एककांची मात्रा आठवड्यातून एकदा लिहून दिली जाते. प्रौढांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची दैनंदिन शिफारस २०२० साली ६०० एकके होती, त्यापूर्वी ४००. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीतील औषधाला २०१३च्या आदेशाने किंमतीची कमाल मर्यादा लागते. अन्न म्हणून विकलेल्या गोळीला ती लागत नाही. उत्पादकाला कोणती वाट सोयीची वाटेल, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्यातही गंमत अशी की, पूरकाच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापण्याचे बंधन २०१६च्या नियमांनी घातले आणि तीच वस्तू डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सर्रास दिसते!

यावर आमच्या वर्तुळातले ठरलेले उत्तर म्हणजे 'ग्राहकाने जागरूक राहावे'. हे उत्तर मला जबाबदारी झटकणारे वाटते. वापरून झाल्यावरही जिचा गुण ग्राहकाला कळत नाही, अशा वस्तूंचा वेगळा वर्ग डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ सालीच दाखवून दिला होता. वर्षभर गोळ्या घेतल्या आणि हाड मोडले नाही. ते गोळीमुळे, की एरवीही मोडले नसते? याचा निवाडा कोणता जागरूक ग्राहक करणार? डाळ-अंड्यांच्या खर्चात काटछाट करून महिन्याच्या गोळ्या आणणारे कुटुंब जागरूकतेत कमी पडत नाही. त्याला परस्परविरोधी सल्ला मिळतो, आणि प्रत्येक सल्ल्यावर कुणा ना कुणा तज्ज्ञाची सही असते.

आरोग्य मंत्रालयाने आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत एक दिनांकित पत्रक काढावे. रक्तातील कोणता आकडा कशासाठी धरायचा, तपासणी कुणी करावी, गोळी कुणी घ्यावी, आणि हे ठरवणाऱ्या तज्ज्ञांचे उत्पादकांशी आर्थिक संबंध काय, एवढे त्यात असावे. पुरावा बदलला तर नव्या तारखेचे पत्रक निघावे आणि जुने का रद्द झाले, तेही त्यातच लिहिलेले असावे. त्यासाठी संसदेत नवा कायदा आणण्याचीही गरज नाही.