गोळी पोहोचली, पोटात गेली का?

कुंभकोणमच्या जुन्या गल्ल्यांत हत्तीरोगाने सुजलेले पाय हे माझ्या लहानपणी नित्याचे दृश्य होते. या रोगासाठी देशभर २००४ पासून निरोगी माणसांनाही वर्षातून एकदा औषध देण्याची मोहीम सुरू झाली. सेवेत असताना अशा एका मोहिमेचा आढावा माझ्याकडे होता. कागदावर वाटप जवळपास पूर्ण झालेले होते. प्रत्यक्ष घरांत डोकावलो, तेव्हा गोळ्या देव्हाऱ्याशेजारी तशाच पडलेल्या दिसल्या. धडधाकट माणसाने औषध का घ्यावे, हे कोणी समजावलेच नव्हते.

लहान मुलांना हिवताप होण्यापूर्वीच औषध देण्याची चर्चा ऐकताना मला त्या गोळ्या आठवतात. आफ्रिकेतील साहेल पट्ट्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये ही पद्धत सुचवली. पावसाळ्यात पाच वर्षांखालील मुलांना दर महिन्याला औषधाची पूर्ण मात्रा दिली जाते. २०२३ मध्ये सुमारे ५ कोटी ३० लाख मुलांपर्यंत ती पोहोचली. २०२२ मध्ये संघटनेने प्रदेशाची आणि फेऱ्यांच्या संख्येची बंधनेही शिथिल केली.

मग गडचिरोलीत हे का नको? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर सरळ नाही. साहेलमध्ये जवळजवळ सारा हिवताप फॅल्सिपेरम जंतूचा. आपल्याकडे त्याच्या जोडीला व्हायवॅक्स आहे. तो यकृतात दडून पुन्हा उलटतो. शिवाय तिथल्या मिश्रणातील एका औषधाला ईशान्य भारतात जंतू दाद देईनासा झाला, म्हणून २०१३ मध्ये तिथली उपचारपद्धती बदलावी लागली. ओडिशाने २०१७ पासून दुर्गम पाड्यांत सरसकट रक्ततपासणी करून लक्षणे नसलेल्या बाधितांवरही उपचार केले; छत्तीसगडने बस्तरमध्ये हाच मार्ग धरला. आपल्या परिस्थितीला तो अधिक जवळचा आहे.

तरीही भामरागडसारख्या तालुक्यात, पावसाने वाट तुटलेल्या पाड्यांपुरता, मुलांसाठी प्रतिबंधक औषधाचा काटेकोर प्रयोग करून पाहावा, असे मला वाटते. मात्र त्याला तीन अटी असाव्यात : मात्रा आशा कार्यकर्तीच्या समोर घेतली जावी, दुष्परिणामांची नोंद त्याच दिवशी व्हावी आणि आईशी तिच्या माडिया किंवा गोंडी बोलीत बोलले जावे. मच्छरदाणी आणि फवारणीला हा पर्याय नव्हे.

आजारी मुलाला औषध देताना शासन संकटात धावून जाते. निरोगी मुलाला देताना ते आईकडे विश्वास मागते. २०३० पर्यंत हिवतापमुक्तीचे उद्दिष्ट आपण ठरवले आहे. त्याचे यश वाटलेल्या गोळ्यांवर मोजले, तर त्या पुन्हा देव्हाऱ्याशेजारीच सापडतील.